गिळलेलं अक्षर

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आईला नाही, बायकोला नाही. देवापुढं हात जोडतो तेव्हाही एवढं सोडून बाकीचं बोलत आलो — त्याला ठाऊक असणारच, उगाच कशाला उगाळायचं, असं करून. तुम्हाला सांगणं सोपं जातंय का? नाही. पण तुम्ही समोर नाही. मान खाली घालून बोलता येतं, एवढंच.

मोठा गुन्हा नाही हा. पोलीस यावेत असा तर नाहीच. एक अक्षर आहे. कानडीतलं. ते मी गिळलं — आणि त्या एका अक्षरापायी एका माणसाचं सगळं... बघा, लगेच मोठं बोलायला लागलो. स्वल्प थांबतो. आधी मी कोण ते सांगतो.

बेंगळुरूच्या कोरमंगलात, मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत माझं अल्टरेशनचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. दोन मशिनं, एक इस्त्री, एक कापायचं टेबल. वरच्या मजल्यांवर पीजी, त्यात नोकरीला आलेली पोरंपोरी. नवीन कपडे आता कोण शिवून घेतो? जीन्स आखूड करणं, चेन बदलणं, ऑनलाइन मागवलेला शर्ट कमरेत आत घेणं — हीच कामं. आमचे पणजोबा शिवणकामासाठीच या गावात आले म्हणतात. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण पुण्याकडची पोरं आमचं मराठी ऐकून हसतात. आम्ही 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणतो, थोरल्या भावाला अण्णा म्हणतो, आणि अर्धं वाक्य झालं की कानडीत कधी शिरलो ते आमचं आम्हालाच कळत नाही. दोन्ही भाषा मला सारख्याच येतात. मला हा शब्द नीट कळला नव्हता, असं म्हणायची सोय म्हणूनच नाही.

दत्तू माझा मामेभाऊ. बार्शीचा. माझ्याहून चार वर्षांनी लहान. मामाही शिंपीच. मे महिन्यात दत्तू आमच्याकडं यायचा आणि आई आम्हा दोघांना चिंध्या देऊन मशिनवर बसवायची. तिथूनच ते सुरू झालं. आईचं मन वाईट नव्हतं हो. पण तिची जीभ! "मोहन्या, बघ रे जरा. धाकटाय तुझ्याहून. त्याची टीप बघ, मुंगी चालल्यागत सरळ. आणि तुझी मुंगी? दारू पिऊन निघालीय होय?" सगळे हसायचे. दत्तूही हसायचा, पण माझ्याकडं बघून लगेच थांबायचा.

ते थांबणं मला जास्त लागायचं. हसला असता तर मारता तरी आलं असतं.

पुढं मी कंटोन्मेंटकडच्या एका सूटच्या दुकानात लागलो. तिथले कटिंग मास्टर म्हणजे उंच, कमी बोलणारा माणूस. तोंडात कायम टाचण्या. तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात एक उतरंड असते. कोटवाला वर, पॅन्टवाला खाली. कोटवाले खिडकीपाशी उजेडात बसायचे, पॅन्टवाले मागं ट्यूबलाइटखाली. नवा माणूस आला की मास्टर त्याला बाह्या नसलेला कोट द्यायचे आणि म्हणायचे, एक बाही बसवून दाखव. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा, म्हणजे ती बसते त्या खांद्याच्या भोकापेक्षा, मोठा असतो. ते जास्तीचं कापड एकही चुणी न पडू देता आत जिरवायचं. शिकवून येतं ते, पण एका हद्दीपर्यंत. पुढचं हातातच असावं लागतं.

मी बसवलेली बाही मास्टरनी मुठीवर धरून फिरवली आणि म्हणाले, "परवागिल्ल."

या शब्दाचं सांगायला हवं. बेंगळुरूत तुम्ही एक दिवस काढलात तरी तो कानावर पडेल. धक्का लागला — परवागिल्ल. उशीर झाला — परवागिल्ल. सांबारात मीठ कमी पडलं — परवागिल्ल. हरकत नाही, असू दे, चालून जाईल. मला मिळाला तो हा. चालून जाईल. मला पॅन्टवर बसवलं.

पण याच शब्दाला शेवटी जरासा 'वे' लागतो कधीकधी, आणि आवाज वर चढतो. परवागिल्वे! मग तो शब्दच वेगळा. अरे! असा आहे होय हा! — असं काहीसं. आमचे मास्टर कुणाच्या तोंडावर 'फार छान' म्हणणारे नव्हते. आतून दाद आली तर हे एवढंच यायचं. मी त्यांच्या हाताखाली होतो तेवढ्या वर्षांत हे मी एकदाच ऐकलं.

एकदाच. दत्तूसाठी.

तो तेव्हा बावीस-तेवीसचा होता. बार्शीत काम उरलं नव्हतं, म्हणून मामानं त्याला आमच्याकडं पाठवलं. कानडीचा गंध नाही. आई म्हणाली, "तुझ्या मास्टरना दाखव की याचा हात." मी नेलं. हसत नेलं. वाटेत त्याला सांगितलंसुद्धा, घाबरू नको, मी आहे ना बोलायला.

मी आहे ना बोलायला.

तो बाहीला बसला तेव्हा मी मागं माझ्या टेबलाशी होतो. बघत नाही असं दाखवत बघत होतो. कच्चा टाका घालत चालला होता — घाई नाही, थांबणं नाही. कापड त्याच्या अंगठ्याखाली आपोआप गोळा होत होतं आणि दिसेनासं होत होतं. मला ते कधीच जमलं नाही. आजही जमत नाही. मास्टर आले. कोट मुठीवर घेतला. फिरवला. खिडकीपाशी नेला, पुन्हा फिरवला. आणि टाचण्यांमधून म्हणाले, "परवागिल्वे."

चेहरा हलला नाही. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला हसता येत नाही. मान तेवढी दोन्ही बाजूंना डोलली, इकडं डोलते तशी. बार्शीकडं मान अशी डोलली तर ती 'नाही'सारखी दिसते. दत्तू माझ्याकडं वळला.

"अण्णा, काय म्हणले? पर्वा न्हाई म्हणले का?"

बघा ना — त्याच्या कानानं त्या शब्दात आपला मराठी शब्द पकडला होता. पर्वा. मी हसलो. मोठ्या भावासारखा हसलो.

"पर्वा नाही नव्हे रे, वेड्या. परवागिल्ल म्हणाले."

"म्हंजे?"

"म्हणजे ठीक आहे. चालून जाईल."

हे ते. 'वे' मी गिळला. जो शब्द मला मिळाला होता तोच मी त्याच्या हातात ठेवला.

आता, खोटं बोललो का मी? कितीतरी वर्षं मी स्वतःशी हा वाद घातला. परवागिल्लचा अर्थ कुणालाही विचारा, चालून जाईल असंच सांगतील. आणि गंमत बघा — दत्तू पुढं कानडी शिकला, बसमध्ये, भाजीवालीकडं, शेजाऱ्यांकडं, आणि जिथं जाईल तिथं तो शब्द त्याला मी सांगितलेल्या अर्थानंच भेटला. साऱ्या गावानं माझ्या बाजूनं साक्ष दिली. मग मला झोप का लागत नव्हती?

त्या दिवशी घरी गेल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाले रे मास्टर?" मी तेच सांगितलं. आईला कानडी येत होतं. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. "असं म्हणाले?" मी म्हटलं, हो. "नक्की?" हो म्हटलं ना! तिनं दत्तूला आणखी एक भाकरी वाढली आणि आत गेली. त्यानंतर तिनं आम्हा दोघांची तुलना कधीच केली नाही. तिला काय कळलं, किती कळलं — तिच्याबरोबर गेलं.

मला हवं होतं ते मिळालं की. तुलना थांबली. पण खरं सांगू? आईनं सोडली तिथून मी धरली.

दत्तू गारमेंट फॅक्टरीत लागला. तिथं पूर्ण कपडा कुणी शिवत नाही. लाइन असते. एकजण खिसा, एकजण बाही. दत्तूला कॉलर मिळाली. दिवसभर कॉलर, उद्याही कॉलर. शर्ट पुरा झाल्यावर कसा दिसतो ते बघायलाही मिळत नाही, अण्णा, असं एकदा हसत म्हणाला होता. लग्न झालं, के. आर. पुरमला दोन खोल्या घेतल्या भाड्यानं, मुलगी झाली. आणि मी? मी स्कूटर घेतली तेव्हा त्याच दिवशी फराळाचा डबा घेऊन त्याच्याकडं गेलो. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. डबा निमित्त होता, हे तुम्हाला सांगायला नको. त्यानं ती स्कूटर फडक्यानं पुसून दिली. 'भारीय, अण्णा' म्हणाला. त्याच्या आवाजात मी जळफळाट शोधत होतो. सापडला नाही, म्हणून घरी येताना माझाच मूड गेला. एवढा कोता माणूस होतो मी. होतो म्हणतोय — बघू.

मी दुकान टाकलं, त्याच्याहून बरं चाललंय असं समजून बरं वाटलं. त्याची मुलगी शिकून एचएसआर लेआउटमधल्या काचेच्या इमारतीत नोकरीला लागली, माझ्या मुलानं कॉलेज सोडलं, तेव्हा जळलो. माझ्या प्रत्येक सुखाच्या शेजारी मी त्याचं सुख ठेवून बघायचो, आणि माझ्या दुःखाच्या शेजारी त्याचं दुःख. कुठलीच गोष्ट एकटी कधी खाल्ली नाही की भोगली नाही. त्याला याचा पत्ताच नव्हता. एकट्यानं खेळायचा खेळ होता तो, आणि तरीही मीच हरायचो.

दोन वर्षांपूर्वी त्याचं युनिट शहराबाहेर गेलं आणि तो माझ्याकडं आला. दुसरं मशिन रिकामंच होतं. "अण्णा, बसू का?" बस म्हटलं.

तो आल्यावर काय झालं सांगू? गिऱ्हाईक वाढलं. पोरं त्याला दत्तू अंकल म्हणायला लागली. जीन्सची मूळ कड तशीच ठेवून आखूड करणं वगैरे तो असं करायचा की शिवण शोधावी लागे. माझ्या हातून काही बिघडलं की माझ्याकडून काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "परवागिल्ल, अण्णा." मऊ आवाजात. दिवसातून चार वेळा. मी मशिनचा आवाज वाढवायचो.

वरच्या पीजीतल्या एका पोराला कसल्याशा समारंभाला ब्लेझर हवा होता. त्यानं दत्तूलाच विचारलं, अंकल, आप सिल दोगे? दत्तू हसला. "ना बाबा. कोट अपना काम नहीं. जवानी में एक बड़े मास्टर ने देखके बोला था." आणि माझ्याकडं बोट करून म्हणाला, "ये अण्णा से पूछो. ये बड़े दुकान का आदमी है."

मोठ्या दुकानातला माणूस. पॅन्टवाला! त्याला कडवटपणानं म्हणता आलं असतं, टोमणा मारता आला असता. तसं काही नव्हतं त्यात. तो खरंच मानत होता ते. मी दिलेला निकाल त्यानं कुरकुर न करता घेतला होता आणि त्याच मापाचं आयुष्य शिवून त्यात राहत होता. मी त्या पोराला सांगितलं, आम्ही ब्लेझर करत नाही. पोरगा गेला. दत्तूनं रेडिओ लावला.

मग मुलीचा साखरपुडा ठरला. पोरीनं हट्ट धरला, पप्पा, फोटोत सगळे ब्लेझरमध्ये असणार, तुम्हीही घाला. दत्तू लाजत कापड घेऊन आला. "तू शिव, अण्णा. रेडिमेड मला बसतच नाही कुठला." मला कोट येत नाही हे मी त्याला कधी कबूल केलं नव्हतं. सरी, म्हटलं, ये, माप घेऊ.

इथं थोडं थांबतो. कारण जे झालं ते फार लहान आहे आणि नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही.

माझ्याकडं रोज पोरं येतात ती आरशात बघत येतात. कुणाला आपण बुटके वाटतो, कुणाला जाड. "अंकल, मेरी हाइट कम है ना?" मी म्हणतो, कंपनीनं पॅन्ट लांब बनवलीय, तू कुठं आखूड आहेस? हसतात. पण मी ते हसवायला म्हणत नाही. माप घेताना मला खरोखरच तसं दिसतं. कुणाची पाठ वाकलेली, कुणाचं पोट पुढं — शिंप्याला त्यात बरावाईट काही नसतं. हा माणूस असा आहे, याला असं लागेल, संपलं. आयुष्यभर हजारो अंगं बघितली आणि कुणाशी कुणाची तुलना केली नाही. एकट्या दत्तूला सोडून. त्याला मी कधी नुसतं बघितलंच नव्हतं. बघायचो ते माझ्या बाजूला उभा करून.

मी टेप घेऊन त्याच्या मागं उभा राहिलो. पाठीवर हात ठेवला, बनियनवरून. डावा खांदा खाली गेला होता. चांगलाच. मान पुढं आणि एका अंगाला कललेली — त्या मशिनवर इतकी वर्षं एकाच बाजूला वाकून कॉलर लावल्यावर कलणारच. रेडिमेड त्याला बसत नाही, का ते कळलं. मानेवरचे केस पिकले होते. लहानपणी मामी त्या मानेवर पावडर लावून पाठवायची, एकदम आठवलं. तो उभा होता, हात सैल सोडून, मी नीट माप घेणार या भरवशावर.

मला वाटलं, याला थंडी वाजत असेल. मी पंखा बंद केला.

बस्स. एवढंच झालं. त्याच्या खांद्याशेजारी मी माझा खांदा ठेवून बघितला नाही. याच्यापेक्षा माझं बरं की वाईट, हा प्रश्नच उठला नाही. पहिल्यांदा. समोर एक दमलेला माणूस होता, त्याच्या खांद्याला कोटाच्या आतून जरा जाड कॅनव्हास लागणार होता, आणि तो खांदा मी पाडला होता. आणि त्याच्यामागं मीही मला दिसलो — ट्यूबलाइटखाली बसलेला, भ्यालेला, धाकट्या भावाच्या अंगठ्याकडं चोरून बघणारा. त्या पोराचीही कीव आली. माफ केलं नाही मी त्याला. कीव आली, एवढंच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापड टेबलावर पसरलं. खडू घेतला. रेघ ओढवेना. दत्तू बाय-टू कॉफी घेऊन आला, अर्धी मला ओतली. मी म्हटलं, दत्तू, ते मास्टर. ते परवागिल्ल म्हणाले नव्हते.

"कोण मास्टर?"

मग सांगितलं. 'वे'चं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागला. "एवढंच होय? अण्णा, एवढ्यासाठी तोंड असं केलंयस? मी म्हटलं शुगरबिगर निघाली का काय."

इथं थांबता आलं असतं. तुमच्याजवळही मी आत्तापर्यंत तिथंच थांबलोय, तुमच्या लक्षात आलं का? एक अक्षर, म्हटलं. कानडी-मराठीची गंमत वाटावी असं सांगितलं. पण अजून एक आहे. ते अक्षरापेक्षा मोठं आहे.

मास्टरनी नंतर मला विचारलं होतं. दत्तूच्या देखत. कोट खाली ठेवून, टाचण्या काढून. "नाळेयिंद बर्तानंता?" उद्यापासून येतो का म्हणे हा? खिडकीपाशी एक स्टूल रिकामं होतं. दत्तू आम्हा दोघांच्या तोंडाकडं आलटूनपालटून बघत होता, काही कळत नसताना कळल्यासारखं हसत. आणि मी म्हटलं, "इल्ला सार्. ऊरिगे होग्तानंते." नाही सर. गावी जातोय म्हणे.

त्या वाक्याच्या शेवटी जो 'अंते' आहे ना, तो म्हणजे आपला 'म्हणे'. मी नाही, हा म्हणतोय. त्याच्याच तोंडचे शब्द करून मी त्याचा नकार कळवला. तो शेजारी उभा असताना. मास्टरनी खांदे उडवले. मी दत्तूला सांगितलं, जागा नाही म्हणतात.

हेही मी त्या सकाळी दत्तूला सांगितलं. त्याचं हसू गेलं. लगेच नाही. हळूहळू.

"म्हंजे मला ठेवून घेत होते?"

"हो."

"कोटावर?"

"हो."

तेवढ्यात एक मुलगी जीन्स न्यायला आली. त्यानं घडी करून पिशवीत घालून दिली, तिच्याशी कानडीत दोन शब्द बोलला, मान डोलावली. ती गेली. तो दाराकडं तोंड करून म्हणाला, "कसं म्हणले होते, म्हणून दाखव."

मी म्हटलं. आवाज वर चढेना माझा.

"तसं न्हाई. ते म्हणले तसं."

पुन्हा म्हटलं. यावेळी बरं आलं असावं. तो बाहेर जाऊन फुटपाथवर उभा राहिला. ऑटो थांबत होते, त्यांना हातानं नको-नको करत होता. मी मागं गेलो नाही. काय म्हणणार होतो? तेव्हा लहान होतो? लहान नव्हतो. आई बोलायची म्हणून? आई तर मुंगीबद्दल बोलायची.

बऱ्याच वेळानं आत आला. माझ्या टेबलावरचं कापड त्यानं उचललं, झटकलं, आणि पुन्हा पसरलं — स्वतःच्या बाजूनं. माझ्या हातातला खडू घेतला. मी टेबलाच्या कडेला खडूनं टिपलेली मापं पुसून टाकली.

"हा कोट मी कापतो. परत माप घे," म्हणाला. अण्णा म्हणाला नाही. "आणि बघून मनात ठेवू नको. मोठ्यानं सांग."

तो पाठमोरा उभा राहिला. मी टेप लावला. छाती सांगितली, पाठ सांगितली, बाही सांगितली.

"डावा खांदा?"

"खाली गेलाय."

"किती?"

मी पुन्हा लावून बघितलं, आणि होतं तेवढं सांगितलं. मी सांगत गेलो, आणि तो वाकून टेबलावर खडूनं लिहीत गेला.